मैदानातली मीटरभर काठी

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने जरा उसंत दिली की सातवीच्या फळ्यावर मी एक प्रश्न लिहिते : ‘मैदानात उभ्या केलेल्या काठीची सावली उद्या सगळ्यात लहान किती वाजता होईल?’ उत्तर प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, पेनने लिहायचं आणि शेजाऱ्याला दाखवायचं नाही. वह्या चाळल्या की जवळपास सगळीकडे एकच उत्तर असतं, बारा वाजता. का, असं विचारलं तर मुलं माझ्याकडेच नवलाने बघतात. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, यात विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी काठी उभी राहते. बारा वाजतात, खूण होते आणि सावली भरते पावणेछत्तीस सेंटिमीटरच्या आसपास. सव्वाबाराला ती चौतीसवर आलेली असते. ‘बाई, घड्याळ पुढे गेलंय,’ कुणीतरी म्हणतं. दुसरं घड्याळ येतं, मग ऑफिसातला मोबाइल येतो. वेळ बरोबरच निघते आणि सावली मात्र आखडतच असते. साडेबाराच्या जरा आधी ती थबकल्यासारखी होते, काही वेळ हलत नाही आणि मग पुन्हा लांबायला लागते. लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट डोळ्यांदेखत खोटी ठरताना बघणाऱ्या चाळीस मुलांचा गलका मी एरवी कुठल्याच तासाला ऐकलेला नाही.

हा उपक्रम मी अनेक वर्षं घेते आहे. तो कसा घ्यायचा, कुठे फसतो आणि त्यातून काय काय निघतं, हे शिक्षकांना आणि घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या पालकांना सविस्तर सांगावं म्हणून हे लिहिते आहे. खर्च जवळजवळ नाही. मात्र वेळ लागतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापनाला ठरवून दिले आहेत. त्यातले सहा-सात तास या काठीला द्यावेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. सहावीत अक्षवृत्तं-रेखावृत्तं, सातवीत ऋतू, आठवीत स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ असे भूगोलाचे तीन वर्षांचे धडे आणि भूमितीतले कोन त्या सात तासांत एकाच काठीपाशी येऊन भेटतात.

आधी त्या पेनने लिहिलेल्या उत्तराबद्दल. उपक्रमाचं अर्धं यश मला त्यात दिसतं. ज्या मुलाने ‘बारा’ असं लिहून ठेवलं आहे, ते मूल बारा वाजून दहा मिनिटांनी सावलीकडे ज्या नजरेने बघतं, ती नजर नुसतं ‘निरीक्षण करा’ म्हटल्याने येत नाही. त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. मीच आधी सांगून टाकलं, की आज पुण्यात सावली १२ वाजून २७ मिनिटांनी सगळ्यात लहान होईल, तर मुलं सव्वाबारापर्यंत मैदानात खेळतील, १२:२७ ला एक खूण करतील आणि प्रयोगवहीत निष्कर्ष उतरवून मोकळी होतील. तेही चुकीचं ठरत नाही, पण शिकणं तिथे फारसं घडत नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम याच वयाच्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होता. त्यातल्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोगांची तयार उत्तरं छापलेली नसत. ती मुलांनी करून आणि बोलून काढायची असत, आणि परीक्षेलाही पुस्तक-वही जवळ ठेवता येई. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला. त्याची ही एक सवय मात्र कुठल्याही वर्गाला आज, आहे त्या वेळापत्रकात लावता येते.

आता काठी. जुन्या खराट्याचा सरळ दांडा किंवा प्लॅस्टिकची अर्ध्या इंची नळी चालते. पहारीने वीतभर खड्डा करून ती रोवायची, भोवतीची माती ठोकून घट्ट करायची आणि जमिनीच्या वर बरोबर १०० सेंटिमीटर उरेल असं बघायचं. शंभर अशासाठी, की पुढे गुणोत्तर काढताना सोपं जातं. मैदान फरसबंद असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून काठी बसवता येते. मात्र मग उंची फरशीपासून मोजायची आणि सावली मोजताना सुरुवात डब्याच्या कडेपासून न करता काठीच्या मध्यापासून धरायची. ही चूक दर वर्षी एक तरी गट करतोच.

काठी ओळंब्यात असली पाहिजे. वर्गात कुणाचे तरी वडील, काका गवंडीकाम करत असतात. त्या मुलाला ओळंबा आणि जमली तर पाणसळ आणायला सांगते. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी सगळ्या गटांच्या काठ्या तपासत हिंडतो. ओळंबा दोन बाजूंनी धरायचा, एकदा समोरून आणि एकदा काटकोनात बाजूला जाऊन, हे त्याला घरूनच माहीत असतं. काठी जरा तिरकी राहिली तर काय बिघडतं, हा प्रश्न मुलं विचारतात आणि त्याचं उत्तर मी आकड्यातच देते. काठीचं वरचं टोक दक्षिणेकडे पावणेदोन सेंटिमीटर झुकलं, तर शेवटी निघणाऱ्या कोनात जवळपास एक अंशाची चूक येते. एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. पुण्यातली मुलं आपली शाळा साताऱ्याच्याही पलीकडे नेऊन ठेवतील! हा आकडा ऐकल्यावर ओळंबा पुन्हा एकदा धरला जातो.

खुणेसाठी खडू मातीवर टिकत नाही. खिळे किंवा काडेपेटीतल्या काड्या बऱ्या. प्रत्येक काडीला कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वेळ. दर पाच मिनिटांनी एक खूण, पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत.

पहिल्या खुणेलाच भांडण होतं आणि ते व्हायला हवं. सावलीचं टोक नेमकं कुठे आहे? दुरून ते ठसठशीत दिसतं. वाकून बघितलं तर काळोखी हळूहळू फिकट होत जमिनीत विरते आणि ती पुसट किनार चांगली सेंटिमीटरभर असते. याचं कारण असं, की सूर्य हा आकाशातला ठिपका नाही, त्याची तबकडी साधारण अर्धा अंश रुंद आहे. काठीच्या टोकामागे ती पूर्ण झाकली जाते तिथे गडद सावली, अर्धीमुर्धी झाकली जाते तिथे पुसट. मी टोक ठरवून देत नाही. गटाने आपला नियम ठरवायचा, गडद भाग संपतो ते टोक धरायचं की पुसटपणाचा मध्य धरायचा. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तोच नियम. आठवीच्या मुलांना एक सुधारणा शिकवते. जाड पुठ्ठ्याला चार मिलिमीटरचं भोक पाडून तो पुठ्ठा काठीच्या टोकाशी आडवा बसवायचा. पुठ्ठ्याच्या सावलीच्या मध्ये सूर्याचा एक छोटा गोल कवडसा पडतो, रुपयाच्या नाण्याहून लहान. त्याचा मध्य मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत ठरवता येतो. भोकातून ओळंबा सोडून जिथे टेकेल तिथून माप घ्यायचं आणि भोकाची उंची १०० सेंटिमीटर ठेवायची. कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांना तो हातावर, वहीवर, मित्राच्या शर्टावर घ्यायचा असतो. पाच मिनिटं घेऊ द्यावा. सूर्याकडे मात्र कुणीही बघायचं नाही, ही सूचना आधी, मध्ये आणि नंतर द्यायची. टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाकडे हवी.

गट सहा-सात जणांचे. एक जण वेळ पुकारतो, एक खूण रोवतो, दोघं टेप धरतात, एक जण लिहितो आणि उरलेले तपासतात. ही कामं दर पंधरा मिनिटांनी बदलायची. नाही बदलली तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. खुणा सगळ्यात दांडगा मुलगा करत राहतो आणि सुरेख अक्षर असलेली मुलगी तासभर नुसती लिहीत बसते. लिहिलेला आकडा खोडायचा नाही, हा दुसरा नियम. चुकला असं वाटलं तर त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. जुना वाचता आला पाहिजे.

यामागे एक प्रसंग आहे. एका वर्षी एका गटाचे आकडे फार देखणे आले. बारापासून दर पाच मिनिटांनी बरोबर अर्धा सेंटिमीटर कमी, साडेबारानंतर दर पाच मिनिटांनी बरोबर अर्धा सेंटिमीटर जास्त. बाकीच्या गटांचे आकडे ओबडधोबड होते. वर्गात येऊन सगळ्यांनी आलेखकागदावर बिंदू मांडले. पाच गटांचे आलेख परातीसारखे तळाशी पसरट आले आणि या गटाचा आला नांगराच्या फाळासारखा टोकदार. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या गटातल्या मुलीने विचारलं, ‘तुमची सावली अशी एकदम कशी काय वळली?’ थोड्या वेळाने खरं बाहेर आलं. पोरं मध्येच पाणी प्यायला गेली होती आणि परत येऊन त्यांनी मधले आकडे अंदाजाने भरले होते. मी रागावले नाही. त्यांनाच फळ्याशी बोलावून सांगायला लावलं, की खरे आकडे आणि भरलेले आकडे यांत फरक कुठे दिसतो. त्या दिवसापासून त्या वर्गात आकडे बनवायचा प्रकार पुन्हा झाला नाही.

तो पसरट तळ हाच या उपक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. विषुवदिनी, म्हणजे २२-२३ सप्टेंबरला, पुण्याच्या आसपास एक मीटर काठीची सावली १२:२० ला ३३.६ सेंटिमीटर असते, १२:२५ आणि १२:३० ला ३३.५ आणि १२:३५ ला ३३.७. शाळेतल्या टेपने हा फरक हाती लागत नाही. म्हणून ‘सगळ्यात लहान कधी?’ या प्रश्नाला एक गट १२:२० सांगतो, दुसरा १२:३५. दोघांचीही बाजू खरी वाटते. मग ठरवायचं कसं? इथे मी पाच-सात मिनिटं काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी आलेखाकडे बघून म्हणतं, ‘दोन्ही बाजू सारख्याच आहेत की.’ तो धागा पकडायचा. तळाशी काहीच कळत नाही, पण दोन्ही कडांना सावली भराभर बदलते, तिथे वेळ नेमकी सांगता येते. १२:०५ ला सावली ३५ सेंटिमीटर होती. दुपारी पुन्हा ३५ कधी झाली? १२:५० च्या सुमारास. दोन्हींच्या मधली वेळ काढा. १२ वाजून साडेसत्तावीस मिनिटं. असे तीन-चार जोड घेतले की सगळ्या गटांची उत्तरं दोन-तीन मिनिटांच्या आत येऊन बसतात. थेट बघून न कळणारी गोष्ट दोन्ही बाजूंनी गाठायची, हे मुलांना या वयात हाताने करून कळतं आणि ते विसरत नाहीत.

हीच युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. शुल्बसूत्रांत पूर्व-पश्चिम दिशा काढायची रीत अशीच सांगितली आहे. शंकू म्हणजे काठी रोवायची, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. तिचा लंबदुभाजक काढला की उत्तर-दक्षिण. बारावं शतक आलं तेव्हाही शंकू आणि सावलीची गणितं घातली जात होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात तर त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशातल्या शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावं. विषुवदिनी तर वर्तुळाचीही गरज पडत नाही. त्या दिवशी सावलीच्या टोकाच्या सगळ्या खुणा एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषाच पूर्व-पश्चिम असते. डिसेंबरात हाच माग वाकडा होतो. सप्टेंबरच्या खुणा दोरी लावून जपून ठेवल्या तर मुलांना हा फरक पायाखाली दिसतो.

आता मुख्य कोडं. सूर्य घड्याळाचं ऐकत नाही, असं का? भूगोलातल्या प्रमाणवेळेच्या धड्याला इथे तोंड फुटतं. भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरवरून जाणाऱ्या रेषेवर लावलेली आहेत. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पुणे आहे ७३.८५ अंशावर, म्हणजे ८.६५ अंश पश्चिमेला. चाराने गुणलं की साडेचौतीस मिनिटं. दुपार आधी मिर्झापूरला होते आणि मग आपल्याकडे. नागपूरला हा फरक चौदा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे नागपूरची दुपार पुण्याच्या आधी २१ मिनिटं होते. नागपूरला मामा-आत्या असलेलं मूल वर्गात असतंच, त्याला फोन करून तिथली सावली मोजायला सांगायची. मुलांना हेही सांगते, की भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली तरी मुंबईत स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चाले. एकाच गाडीतून उतरलेल्या दोघांच्या घड्याळांत त्या काळी मुंबईत वेगवेगळी वेळ असू शकत होती, हे ऐकल्यावर ‘वेळ’ ही माणसांनी ठरवून घेतलेली गोष्ट आहे, हे पटायला वेळ लागत नाही.

पण हिशेब अजून जुळलेला नाही आणि चौकस मुलं ते सोडत नाहीत. साडेचौतीस मिनिटं धरली तर दुपार १२ वाजून साडेचौतीस मिनिटांनी व्हायला हवी. आपल्याला मिळाली १२ वाजून साडेसत्तावीस मिनिटं. सात मिनिटं गेली कुठे? सहावीत मी हा प्रश्न उघडा ठेवते. आठवीत एवढं सांगते, की पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरत नाही आणि तिचा आसही कललेला आहे. त्यामुळे सूर्य सरासरी घड्याळाच्या कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटांपर्यंत पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. मुलांना पटवायचं तर वर्षभर सावली मोजत राहणं हाच उपाय आहे.

त्याकडे येण्याआधी कोन. त्रिकोणमिती या वर्गांना नसते आणि तिची गरजही नाही. वहीत पाचास एक या प्रमाणात आकृती काढायची. काठी २० सेंटिमीटर उभी, सावली ६.७ सेंटिमीटर आडवी, दोन्हींची टोकं जोडायची आणि वरच्या टोकाशी कोनमापक लावायचा. साडेअठरा अंश येतो. आता नकाशा उघडायचा आणि पुण्याचे अक्षांश बघायचे : साडेअठरा. विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर नेमका माथ्यावर असतो. आपल्याकडे तो माथ्यापासून जितका कललेला दिसतो, तितकेच आपण विषुववृत्तापासून दूर. नकाशातला आकडा कुणीतरी छापलेला म्हणून मानायचा होता, तो आता खराट्याच्या दांड्याने काढता आला. प्रत्येक गटाचा कोन नेमका येणार नाही. कुणाचा १७ येईल, कुणाचा २०. सगळे फळ्यावर लिहावेत, सरासरी काढावी आणि दूर गेलेल्या गटाने आपली काठी पुन्हा ओळंब्याने तपासावी.

यानंतर दर पंधरवड्याला एकदा, दोन मुलांची पाळी लावून, दुपारची सावली मोजायची. हे काम परिपाठाच्या फळ्यावर एका ओळीत मावतं. पुण्याच्या आसपास आकडे साधारण असे येतात : सप्टेंबरच्या विषुवदिनी साडेतेहेतीस सेंटिमीटर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ६६, २२ डिसेंबरला ९०, फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेला ५७ आणि २० मार्चला पुन्हा साडेतेहेतीस. वेळाही बदलत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपार १२:१८ लाच होते, फेब्रुवारीत पावणेएकच्याही पुढे जाते. सप्टेंबर आणि मार्चमध्ये सावली सारखीच, पण वेळेत पंधरा मिनिटांचा फरक. गहाळ झालेल्या सात मिनिटांचा माग इथे लागतो.

या नोंदीत संक्रांत येते आणि वर्गात पुन्हा गलका होतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं घरोघरी म्हणतात. मग १४ जानेवारीला सावली सगळ्यात लांब असायला हवी. मोजल्यावर ती ८३ भरते. तीन आठवड्यांपूर्वी ती ९० होती, म्हणजे परतीचा प्रवास केव्हाच सुरू झाला. आजीचं म्हणणं खोटं पडलं का? मी मुलांना सांगते, की आजीचं म्हणणं फार जुन्या काळी तारखेसकट बरोबर होतं. सुमारे १७०० वर्षांपूर्वी सूर्याचं मकर राशीत जाणं आणि उत्तरायण एकाच सुमाराला घडे. पृथ्वीचा आस फार सावकाश भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे दोन्हींत अंतर पडत गेलं. घरी जाऊन आजीला हे नीट समजावून सांगायचं, हा त्या दिवसाचा गृहपाठ. तो बहुतेक मुलं करून येतात.

शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेच्या वाट्याला नीट येत नाही, याची मला दर वर्षी हळहळ वाटते. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. पुण्यात हे १३ मेच्या आसपास आणि जुलैच्या शेवटी घडतं. मेमध्ये सुट्टी, जुलैत ढग. मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून देता येतं : घराच्या गच्चीवर सरळ उभा पेला किंवा डबा ठेवा, साडेबाराच्या सुमारास बघा. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, हेही आवर्जून बघायला सांगावं. ‘दुपारची सावली उत्तरेकडे’ असं पाठ केलेल्या मुलांना ते फार आवडतं.

उपक्रमाचा कळस दुसऱ्या गावच्या शाळेशी जोडी जमवून गाठता येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानजवळ, सूर्य थेट माथ्यावर येई. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश कललेला असे. तेव्हा दोन शहरांतल्या अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा परीघ. आपल्याला इजिप्तला जायची गरज नाही. नाशिक आणि पणजी जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, दोन्ही ७३.८ अंशांच्या आसपास. त्यामुळे दोन्हीकडे दुपार एकाच मिनिटाला होते. नाशिक वीस अंशांवर, पणजी साडेपंधरावर. विषुवदिनी मीटरभर काठीची सावली नाशिकला ३६.४ सेंटिमीटर आणि पणजीला २७.७. कोनांतला फरक साडेचार अंश. नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर मोजलं तर सुमारे ५०० किलोमीटर. रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही, घाटवळणांमुळे ते बरंच जास्त भरतं. साडेचार अंशांना ५०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की चाळीस हजार. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे.

यात आठवीच्या भूमितीतला व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म कामाला येतो. सूर्यकिरण समांतर आणि पृथ्वीच्या केंद्रातून निघून काठीतून वर जाणारी रेषा ही छेदिका, म्हणून काठीच्या टोकाशी मोजलेला कोन केंद्राशीही तेवढाच. व्युत्क्रम कोन शिकून काय करायचं, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात उत्तर चाळीस हजार येईलच असं नाही. सावलीत एका बाजूला अर्धा सेंटिमीटर चुकला तर परिघात दोन-अडीच हजार किलोमीटरचा फरक पडतो. मुलांनी ३७ हजार किंवा ४३ हजार काढले आणि चूक कुठून आली असेल हे लिहिलं, तर मी पूर्ण गुण देते. नेमकं चाळीस हजार लिहून आकड्यांची वही न दाखवणाऱ्या गटाला देत नाही. विषुवदिनीच मोजायला हवं असंही नाही. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजलं की झालं, कारण लागतो तो दोन कोनांतला फरक.

अडचण येते ती वेळापत्रकाची. पावणेबारा ते सव्वा म्हणजे दोन-तीन तासिका आणि कुठे कुठे पोषण आहाराची वेळ. गणित आणि भूगोलाच्या शिक्षकांनी आधीच्या आठवड्यात तास अदलाबदल करून घ्यावेत आणि त्या दिवशी खिचडीसाठी गट पाळीने पाठवावेत. ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. विषुवदिनाच्या आसपास सावली रोज पाऊण सेंटिमीटरने बदलते, तेव्हा दोन दिवसांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. आकारिक मूल्यमापनात प्रयोग आणि उपक्रम यांना जागा आहेच. तिथे नोंद करताना मी तीन गोष्टी बघते : आधी लिहिलेला अंदाज जसाच्या तसा आहे का, खोडाखोड न करता आकडे ठेवले आहेत का, आणि अंदाज चुकला असेल तर का चुकला हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे का. हस्ताक्षर आणि रंगीत आकृत्यांना गुण नाहीत.

येत्या २२ सप्टेंबरला तुमच्या मैदानात काठी रोवा. आपल्या रेखावृत्तावरची, उत्तरेला किंवा दक्षिणेला चारशे-पाचशे किलोमीटर दूर असलेली एखादी शाळा आत्ताच शोधून ठेवा, तिथल्या शिक्षकांशी फोनवर बोलून घ्या. आणि २१ तारखेला मुलांना प्रश्न द्या, उत्तर पेनने लिहायला सांगा. बरोबर उत्तर त्या दिवशी कुणालाही सांगू नका.